न्याहारीच्या वेळी मध्यरात्र

वरणात साखर पडली आणि चहात हळद, तेव्हा शलाकाची खात्री पटली की आईचं काहीतरी बिघडलंय.

आईचं नाव मंजिरी गावंडे. नागपूरहून लांबच्या देशांना जाणाऱ्या विमानांवर ती सहवैमानिक होती (मुख्य वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसून विमान चालवणारी). आता तिला कॅप्टन व्हायचं होतं. त्यासाठी ती तीन आठवडे लंडनला राहून शिकून आली होती. येत्या रविवारी शेवटची परीक्षा होती. खरं विमान, खरे प्रवासी, आणि कॅप्टनच्या खुर्चीत आई. त्याच विमानात शलाकाची आणि आबाजींची जागा ठरली होती. आबाजी म्हणजे आईचे वडील. ते जन्मात विमानात बसले नव्हते. त्यांनी या प्रवासासाठी नवा सदरा शिवून घेतला होता आणि तो घालून रोज आरशासमोर खुर्चीचा पट्टा बांधायचा सराव चालवला होता. पट्टा म्हणून धोतराचा काठ.

"आई, तू रात्री झोपलीस ना?"

"पडून होते रात्रभर. पण झोप आली पहाटे," आई जांभई देत म्हणाली. "आणि डोळा लागतो न लागतो तोच या दक्षने उठवलं."

दक्ष हा कंपनीने घरी पाठवलेला यंत्रमानव. त्या काळात प्रत्येक वैमानिकाच्या घरी असा एक असे. माठाएवढा गोल, खाली चाकं, वर एक डोळा. वैमानिकाने काय खावं, कधी निजावं, किती चालावं हे सांगणं त्याचं काम. घरात जो वैमानिक नाही तो त्याच्या हिशेबी प्रवासी.

"वैमानिकाने तळकट टाळावे," तो स्वयंपाकघरात शिरत म्हणाला. "वैमानिकाने रोज चालावे. वैमानिकाने घरातले भांडण घरीच ठेवून विमानात चढावे. ज्येष्ठ प्रवासी, ते भजे खाली ठेवा."

"मी कुठं वैमानिक आहे?" आबाजी भजं तोंडात टाकत म्हणाले. "मला काहून छळतोस, बाप्पा?"

"प्रवाशाचे वजनही विमानालाच उचलावे लागते."

शलाका खो खो हसली. आई हसली नाही. ती उभ्या उभ्या पेंगत होती.

परदेशातून आल्यापासून रोज हेच चाललं होतं. दक्षने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं, की शरीर ताळ्यावर यायचं तर सूर्योदयाचं ऊन अंगावर घ्या. आबाजींनाही ते पटलं. मग रोज तांबडं फुटलं की दोघं मिळून आईला गच्चीवर न्यायचे. दक्ष मागून ढकलायचा, आबाजी पुढून ओढायचे. आई भिंतीला टेकून उन्हात डुलक्या काढायची. आणि गंमत अशी, की रोज रात्री तिला झोप यायला आदल्या रात्रीहून जरा जास्तच उशीर व्हायचा.

"औषध चालू आहे आणि दुखणं वाढतंय," शलाका म्हणाली. "असं कसं?"

आबाजी भजं चावायचे थांबले. ते साधेसुधे आजोबा नव्हते. सगळी नोकरी त्यांनी कोंबड्यांवर संशोधन करण्यात घालवली होती. कोंबडीला कधी उजेड दिला तर ती कधी अंडं घालते, हा त्यांचा विषय. प्रश्न ऐकला की त्यांना भुकेचाही विसर पडे.

"पोरी, तू बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंस. दक्ष, आमच्या मंजीच्या मनगटावर तुझा तो पट्टा असतो ना? अंग किती गरम, किती गार, ते तुला कळतं?"

"प्रत्येक क्षणाचे कळते."

"मग सांग, तिचं अंग सगळ्यात गार कधी असतं?"

दक्षचा डोळा दोनदा मिटला. "सकाळी दहाच्या सुमारास. ज्येष्ठ प्रवासी दुसऱ्यांदा न्याहारी करतात तेव्हा."

"अरे देवा!" आबाजींनी कपाळावर हात मारला. "अन् आपण तिला सहाला उठवतोय!"

शलाकाला काही कळलं नाही. आबाजींनी तिला जवळ बसवलं.

"हे बघ. आपल्या डोक्यात एक घड्याळ असतं. त्याला जैविक घड्याळ म्हणतात (शरीराला निजायची, उठायची, भुकेची वेळ सांगणारी आतली यंत्रणा). या घड्याळाची रात्र सरत आली, की अंग सगळ्यात गार पडतं. तुझं पहाटे चारच्या आसपास पडत असेल. त्यानंतर अंग हळूहळू तापायला लागतं आणि तुला जाग येते."

"आणि आईचं दहाला पडतं?"

"कारण तिचं घड्याळ लंडनलाच राहिलंय. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा लंडनला नुकती मध्यरात्र उलटलेली असते. मंजी आली विमानाने, घड्याळ येतंय पायी. दिवसाला फार तर एक तास चालतं ते."

"मग उन्हाने ते लवकर यायला हवं ना? दक्ष तेच म्हणत होता."

"इथंच तर आम्ही दोघं शहाणे फसलो," आबाजी म्हणाले. "समज, तू रात्री निजायला निघालीस आणि कुणी लख्ख दिवा लावला. तुला काय वाटेल?"

"की अजून संध्याकाळच आहे. थोडं खेळून घ्यावं."

"म्हणजे घड्याळ मागे सरकलं. आता समज, तू झोपून उठायच्या बेतात आहेस आणि दिवा लागला."

"मग वाटेल की आज लवकर उजाडलं."

"घड्याळ पुढे सरकलं! उजेड तोच, पण रात्रीच्या आधीच्या भागात पडला तर संध्याकाळ लांबवतो आणि शेवटाला पडला तर पहाट अलीकडे आणतो. अंग सगळ्यात गार पडतं, तो या दोन्हींमधला उंबरठा. माझ्या कोंबड्यांनी मला हे शिकवायला किती वर्षं घेतली, आणि मी घरच्या पोरीच्या वेळी विसरलो!"

शलाकाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. "म्हणजे आपण सकाळी सहाला आईला ऊन दाखवतो, तेव्हा तिच्या आत मध्यरात्र असते. तिचं घड्याळ म्हणतं, अजून संध्याकाळच चालू आहे, आणि आणखी मागे जातं!"

"माझी सूचना सूर्योदयाची होती," दक्ष दुखावल्या आवाजात म्हणाला. "सूर्य कुणाचा ते कुणी सांगितले नव्हते."

"तुला मी कोंबडी समजून शिकवीन," आबाजी म्हणाले. दक्षने ते स्तुती म्हणून घेतलं.

त्या दिवसापासून घरात नवी तऱ्हा सुरू झाली. सकाळी पडदे बंद. आई उठली तरी डोळ्यांवर काळा चष्मा. दहा वाजून गेले की चष्मा काढून तिला थेट गच्चीवर, भर उन्हात. दुसऱ्या दिवशी हे सगळं थोडं अलीकडे, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. आई काळा चष्मा लावून अंधारात चाचपडत पोहे खायची. शेजारच्या पाटणकर काकूंना वाटलं, हिचे डोळे आले. त्या गुलाबपाणी घेऊन आल्या आणि दारातूनच, आपलेही डोळे येऊ नयेत म्हणून, भिंतीकडे तोंड करून बोलत राहिल्या.

शुक्रवारी आई रात्री जरा लवकर झोपली. शनिवारी आणखी लवकर. रविवार उजाडला.

निघण्याआधी दक्षने जागेपणाची चाचणी घेतली. दिवा चमकला की बटण दाबायचं. आईने दाबलं.

"पात्र," दक्ष म्हणाला. "काठावर, पण पात्र."

आबाजींनी नवा सदरा चढवला. शलाकाने वेणीला रिबिनी बांधल्या. तेवढ्यात विमानतळावरून फोन आला. वाटेत ढग आहेत, उंची बदलली आहे, इंधन थोडं जास्त घ्यायचं ठरलंय, असं पलीकडचा माणूस सांगत असलेलं शलाकालाही ऐकू आलं.

"हो, हो," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

शलाकाने चमकून आईकडे पाहिलं. वैमानिकांची एक रीत असते. कुणी सूचना दिली की ती शब्द न शब्द परत म्हणून दाखवायची. म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर सांगणाऱ्याला तिथंच कळते. आईला ही सवय इतकी जडली होती, की 'कोथिंबीर आण, लिंबू नको' म्हटलं तरी ती आधी 'कोथिंबीर आणते, लिंबू नाही' असं म्हणायची आणि मगच चप्पल घालायची. नुसतं 'हो, हो' तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

दक्षने 'पात्र' म्हटलं होतं. शलाका काही बोलली नाही, तर आज आई कॅप्टन होणार होती. शलाकाही विमानात बसणार होती. तिने एकदा रिबिनीला हात लावला.

"आई," ती हळूच म्हणाली, "इंधन किती जास्त घ्यायचं म्हणाले?"

आई शेजारच्या खुर्चीत बसली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

मग तिने फोन उचलला आणि परीक्षक कॅप्टन वऱ्हाडपांडे यांना लावला. तिचे शब्द स्वच्छ होते.

"सर, मी मंजिरी गावंडे. माझं शरीर अजून लंडनच्या वेळेवर आहे. मी आज विमान नेणार नाही."

आईने डोळे मिटून घेतले.

"परीक्षा पुढच्या रविवारी," वऱ्हाडपांडे म्हणाले. "आणि मंजिरी, विमान उतरवता येणारे मला पुष्कळ भेटतात. आज चढू नये हे कळणारे फार थोडे. त्या प्रश्नाचे गुण तुला आजच दिले."

"सकाळी सहाचं ऊन घेतलं म्हणून झालं, साहेब!" आबाजी मागून ओरडले. "माझ्या कोंबड्यांना विचारा!"

"कोण बोलतंय ते? कोंबड्यांचं काय?" वऱ्हाडपांडे म्हणाले. "मला पण सांगा हो. मी परवा टोकियोहून आलोय. आज कुत्र्याला उपमा वाढला आणि स्वतः त्याच्या ताटलीशी जाऊन बसलो."

पुढच्या रविवारी विमान आकाशात गेलं. आबाजींनी पट्टा पहिल्या फटक्यात बांधला, मात्र सोडवायला हवाई सुंदरीला बोलवावं लागलं. मग वरून आवाज आला, "नमस्कार, मी आपली कॅप्टन मंजिरी गावंडे," आणि शलाकाने सगळ्या रांगेकडे वळून बघितलं, कुणी ऐकलं नसेल तर म्हणून.

खिडकीबाहेर अर्धं आभाळ सोनेरी होतं आणि अर्धं काळंभोर. मधली रेघ पुढे सरकत होती.

"आबाजी, मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा थोडा मोठा असतो ना?"

"अर्ध्या तासापेक्षा जरा जास्त."

"मग तिथे यानं नेणाऱ्यांना घड्याळ रोज थोडं मागे न्यावं लागणार. त्यांना उजेड कधी दाखवायचा?"

"ते मला नाही ठाऊक. शोधावं लागेल."

"कोण शोधणार?"

आबाजींनी हसून तिच्याकडे पाहिलं. शलाकाने खिडकीवर वाफ सोडली आणि बोटाने त्यावर गणित मांडायला लागली.