पंचवीस फेऱ्या

"कोणत्या कंपनीचं बियाणं हाये, मॅडम? बीटी काय?"

राळेगावच्या बसस्टँडवर माझ्या मांडीवरच्या बर्फाच्या डब्याकडे पाहत त्यानं विचारलं. २००७चा नोव्हेंबर होता. त्या वर्षांत डबा घेऊन उतरणारा प्रत्येक अनोळखी माणूस बियाण्याचाच एजंट समजला जाई, आणि लोक त्याच्याशी जरा तुटकच बोलत.

"बियाणंच आहे," मी म्हटलं, "माणसांचं."

तो हसला नाही. शेजारी बसला. "मंग उगवण किती टक्के?"

असा भेटला अश्वजित. मी दीपा, याच तालुक्यातली. अमरावतीला प्राणिशास्त्र शिकत होते आणि प्रबंधासाठी धावपटूंची थुंकी गोळा करत हिंडत होते. तो शंभर मीटर पळणारा.

"नुस्तं थुंकायचं? स्टँडवर एवढे लोक थुंकून राह्यले, त्यायचं काहून नाही घेत?"

"ते पळत नाहीत."

"बस सुटली का पाह्य मंग."

त्याच्या नळीवर मी सतरा आकडा लिहिला. बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा वळणदार. तेवढीच माझी पहिली अप्रामाणिकता.

त्यानंतर महिनाभर शाळेच्या मैदानावर अंतिम रेषेशी घड्याळ धरून मी उभी राहू लागले. वेळा नोंदवणं आवश्यकच होतं — असं मी स्वतःला सांगत असे. तो माझ्या दिशेनं धावत येई... तेरा सेकंदांपेक्षा कमी काळ माझा असे. मग तो वळे, आणि शीलाकडे जाई.

शीला दिवसभर कापूस वेचून मैदानावर येई आणि वाऱ्याला मागे टाकी. दोघांचा सराव एकत्र. एकमेकांचा पाठलाग केल्याशिवाय वेग चढत नाही, असं दोघांचंही म्हणणं. एका संध्याकाळी त्यानं तिच्या वेणीत अडकलेला कापसाचा पुंजका अलगद काढला आणि बोटांनी पिंजत उडवून दिला. तो तरंगत आला, माझ्या ओढणीवर बसला. मी तो झटकला नाही. असूया इतकी हलकी, इतकी पांढरी असते, हे मला तेव्हा प्रथमच कळलं.

"ओ बीटीवाली," शीला ओरडली, "घड्याळाकडं पाह्य. त्याले काय पाहून राह्यली?"

डिसेंबरात निकाल हाती आले. वेगानं आकसणाऱ्या स्नायूंमध्ये एक प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीरात ते मुळी तयारच होत नाही. नामांकित वेगवान धावपटूंमध्ये अशी माणसं क्वचित आढळतात; लांब पल्ल्याच्या धावपटूंत थोडी अधिक. शीलाकडे ते प्रथिन होतं. सतरा क्रमांकाकडे नव्हतं.

निकाल कुणालाही सांगायचा नाही, हे संमतिपत्रावर मीच लिहिलं होतं. जिल्हा निवडीचे अर्ज दोन दिवसांत जायचे होते. एका खेळाडूला एकच शर्यत. मी त्याला मैदानाबाहेरच्या कडुलिंबाखाली गाठलं.

"थुंकीचा निकाल आला. शंभर मीटर तुझी शर्यत नाही. पाच हजार पळ."

"म्हणजे... जन्मतःच ठरलं?"

त्या एका प्रथिनानं शंभरातले दोन-तीन भागच ठरतात. उरलेलं सराव, अन्न, इच्छा आणि कितीतरी अज्ञात ठरवतं — हे मला पाठ होतं.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अर्जावर 'पाच हजार मीटर' होतं. शीला एकटी पळाली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. माझ्या घड्याळात ती अर्ध्या सेकंदानं मंदावली. मी तो आकडा वहीत लिहिला आणि जे मिळवण्यासाठी खोटं बोलले, ते कुठे दिसतंय का, हे शोधत राहिले.

अखेर अर्ज खेळाच्या सरांकडे द्यायला तो निघाला, तेव्हा मी वाट अडवली.

"थांब. मी अर्धंच सांगितलं. त्या चाचणीनं काही ठरत नाही... फार थोडं ठरतं. तुले शंभर पळायचं असन तर पळ."

"मंग खोटं काहून बोलली?"

माझी अमरावतीची भाषा केव्हाच गळून पडली होती. "तू तिच्या केसातला कापूस काढला... मले नाही पाहवलं."

त्यानं अर्जाची घडी घातली.

"आपल्या आज्यायनं छप्पन साली दीक्षा घेऊन जन्माचं लिहिलेलं पुसून टाकलं, दीपा. अन तू थुंकीवरून मले सांगते, का मी कायच्यासाठी जन्मलो? तू, आपल्यातली पोरगी."

मी हात पुढे केला. "दे तो अर्ज. मी खोडते."

"राहू दे."

"पण ते खोटं—"

"तुह्या थुंकीच्या कागदासाठी नाही लिहिलं मी ते." आता त्याचाच आवाज अडखळला. "शंभर मीटरमधे तू एकदाच दिसते. आपलं मैदान दोनशेचं. पाच हजार म्हणजे... पंचवीस फेऱ्या. हिशेब केला मी."

"आणि शीला?"

"तिच्या पुढं पळायले उद्यापासून सकाळी येतो ना मी. तिनंच सांगतलं, संध्याकाळी त्या बीटीवालीले सांभाळ, लय जळते म्हणे."

त्या संध्याकाळी तो पाच हजार पळाला. मी रेषेशी उभी राहून फेऱ्या मोजत होते. प्रत्येक फेरीला तो जवळ येई, माझ्याकडे पाही, दूर जाई, पुन्हा येई. मैदानावर जिनिंगच्या कारखान्याकडून आलेला कापूस उडत होता आणि त्यातला कितीतरी माझ्याच केसांत अडकला होता.

पंचवीस झाल्या. शिट्टी ओठांशी होती... मी वाजवली नाही.

तोही थांबला नाही.