थांबणारी पिढी

मार्चमधलं ऊन लख्ख पडलं होतं. दूर उत्तरेकडच्या आर्येप्लोग गावच्या गोठलेल्या तळ्यावर रात्रीचा भुरभुरीत बर्फ अजून तसाच होता. विबके मांडीवर संगणक घेऊन गाडीत बसली. चालवायला टोरग्नी होता. तो इथलाच. सगळी हयात याच तळ्यावर, ब्रेक तपासायला गाड्या घसरवण्यात गेलेली.

विबकेचं काम सांगायला सोपं होतं. ब्रेक कधी धरायचे, कधी सोडायचे, याचे असंख्य आकडे संगणक स्वतःच घडवायचा. गाडी लवकर थांबवणारे आकडे टिकायचे, त्यांच्या मिश्रणातून पुढची पिढी जन्मायची. टोरग्नी त्यांना ‘विबकेची पोरं’ म्हणायचा.

गेल्या आठवड्यापासून पोरं बिघडली होती. टोरग्नीने पायही लावला नसताना, तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला ब्रेक आपोआप लागायचे. पाय दाबल्याशिवाय ब्रेक लावायची परवानगीच आकड्यांना नव्हती. गाडी कुठे आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. विबकेने सगळं पुसून नव्याने सुरुवात केली. नवी पोरंही तिथेच, त्याच जागी थांबली.

“आळशी निघाली गं तुझी पोरं,” टोरग्नी म्हणाला.

“आज एकदा शेवटचं. नाही जमलं तर हंगाम बुडाला म्हणून कळवते वर.”

गाडीने वेग घेतला. समोर कोरा, पांढरा पट्टा. टोरग्नीचे दोन्ही पाय तिला स्पष्ट दिसत होते. ब्रेकजवळ एकही नव्हता.

गाडी थांबली. या खेपेला नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे.

“आता हद्द झाली हं!” टोरग्नीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पण चाकं हलेनात. तो शिव्या घालत उतरला, मागून बर्फाला भोक पाडून जाडी मोजायचं गिरमिट काढलं आणि पुढे काही पावलं गेला. विबके काचेतून पाहत होती. त्याने गिरमिट टेकवलं, दोनदा फिरवलं आणि तो एकदम थबकला. भोकातून पाणी वर आलं होतं.

तो एकेक पाऊल मोजूनमापून टाकत परत आला. चेहरा पांढराफटक.

“बर्फ वीतभरही जाड नाही गं. खालून प्रवाहाने खाल्लाय. मागे घेतो, हळू.”

आता गाडी निमूट मागे आली.

काठावर पोचल्यावर विबकेला हसू आवरेना, मग रडू आवरेना. टोरग्नीने तिच्या हातात इथल्या रीतीची, चीजचे तुकडे घातलेली कॉफी दिली.

“घरी फोन कर आधी. लेकीचा आवाज ऐक. ब्रेकचं बघू मग.”

तिने केला. लेक शाळेतल्या मांजराबद्दल बोलत राहिली आणि विबके डोळे मिटून ऐकत राहिली. ऊन गालावर उबदार लागत होतं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तळ्याची देखभाल करणारी गुनवोर त्या पातळ बर्फाच्या कडेने धोक्याच्या लाल काठ्या रोवून परत आली.

“दुसऱ्या गाडीतली माणसं कुठायत?” तिने विचारलं.

“कुठली दुसरी गाडी?”

“चाकांच्या खुणा आहेत ना. सरळ पातळ बर्फावर गेल्यात, परत आलेल्या नाहीत.”

“पुढे कोरा बर्फ होता,” टोरग्नी म्हणाला. “मी चालून आलोय त्याच्यावरून.”

तिघं काठ्यांपर्यंत गेली.

खुणा होत्या. त्यांच्याच टायरच्या, गाडी थांबली होती तिथून पुढे गेलेल्या.

आणि टोरग्नीच्या बुटांचे ठसे त्या खुणांच्या वर उमटले होते.