पोलेंटा आणि फिरते घोडे

"सगळं संपलंय," रेस्टॉरंटच्या कॅशिअरने मान न उचलताच सांगितलं. "उशीर केलास."

उशीर तिने केला नव्हता. तिच्या जागी उभा राहून तिला जेवायला सोडणारा गडी उशिरा आला होता. पण पोटाला कारणं सांगून काय उपयोग? ती थीम पार्कमधला मेरी-गो-राउंड चालवायची, म्हणून सगळे तिला घोडेवाली म्हणायचे. सकाळपासून लोकांच्या पोरांना घोड्यावर बसव, घोड्यावरून उतरव, रडणाऱ्याला समजाव, असं करून तिच्या पोटात कावळे ओरडत होते.

"पोलेंटा आहे की!" आतून आवाज आला.

"तो काय प्रकार?"

"मक्याचा जाडसर रवा. मऊ शिजवलेला. लोणी, चीज आणि वर परतलेले मशरूम." बोलणारा नवा शेफ होता. कपाळावर घाम, हातात लाकडी उलथनं.

"म्हणजे कोणी घेत नाही म्हणून उरलाय."

"तसंही म्हणता येईल," तो म्हणाला. "पण मी म्हणणार नाही."

आता पहिल्याच घासात प्रेम जडलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्या घासात तिची जीभ भाजली. दुसरा घास तिने फुंकर घालून खाल्ला, आणि मग मात्र चमचा थांबेना. मऊ, पिवळाधमक, आधी थोडा गोडसर आणि मागून चीजचा खारटपणा. वाटी तिने चमच्याने खरवडून संपवली. मान वर केली, तर शेफ दारात उभा राहून बघत होता.

"उद्या ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेवा… उशीर झाला तर."

दुसऱ्या दिवशी तिला उशीर झाला नाही, तरी ती गेली.

हे रेस्टॉरंट किल्ल्यासारखं बांधलेलं होतं. दगड प्लास्टिकचे, तोफा फायबरच्या. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी मेरी-गो-राउंडच्या मागे उघडायची, तिच्या केबिनला लागूनच. त्यामुळे गप्पा सुरू झाल्या, पण त्या पाठमोऱ्या. घोडे फिरत असताना तिने नजर हलवायची नाही, एक हात सतत थांबवायच्या लाल बटणावर, हा नियम. आणि त्याने पातेल्यावरून नजर काढली की पोलेंट्यात गुठळ्या. ती घोड्यांकडे बघून बोलायची, तो पातेल्याकडे बघून.

"तुम्ही कधी वळून बघत नाही," तो एकदा म्हणाला.

"घोडे चालू असताना मान वळवली तर नोकरी जाईल."

"आणि घोडे थांबल्यावर?"

"तेव्हा पोरं उतरवायची असतात."

"आणि जेवताना?"

"जेवताना मी जेवते."

"बरोबर आहे. पोलेंट्यापुढे आम्ही कोण?"

ती हसली. ते त्याला दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. मेरी-गो-राउंडच्या मधल्या खांबाला चहूबाजूंनी आरसे होते. रोज सकाळी ते तीच पुसायची, आणि हल्ली जरा जास्तच निगुतीने पुसायची. केबिनमधून समोर बघितलं की एका आरशात तिच्या मागची खिडकी दिसे, आणि खिडकीत तो. मधून घोडा गेला की दिसेनासा होई, घोडा सरकला की पुन्हा हजर. नियमही मोडत नव्हता आणि मनही भरत होतं. त्याने नुसती मान वर केली असती तर त्यालाही ती दिसली असती. पण तो आपला पातेल्यात बुडालेला.

"केस कापलेत वाटतं," ती सहज म्हणायची.

"तुम्हाला पाठीला डोळे आहेत का हो?"

"असतील. तुम्ही पोलेंटा बघा."

पण पोलेंटा खपत नव्हता. लोक यायचे, बोर्ड वाचायचे आणि बर्गर मागायचे. एका दुपारी तो नेहमीपेक्षा हळू बोलला. "उद्यापासून मला जहाजावर पाठवतायत. तळ्याकाठच्या रेस्टॉरंटमध्ये. सुट्ट्या संपेपर्यंत तिथेही उठाव दिसला नाही, तर पोलेंटा बंद. आणि मला त्याच्यासाठीच घेतलंय."

तिने बटणावरचा हात घट्ट केला. तो गेला तर तिला वाईट वाटणार होतं, थोडंथोडकं नव्हे, चांगलंच. हे तिला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून आलं काय? "तिकडे वारा छान असतो."

जहाजाच्या आकाराचं ते रेस्टॉरंट पार्कच्या दुसऱ्या टोकाला. जेवणाच्या सुट्टीत ती तरातरा चालत तिथे जायची. तिथे तो गार झालेला पोलेंटा कापून तळायचा. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. पुढे संत्र्याचा रस घालून केलेला पोलेंट्याचा केकही आला. तो खात खातच ती परत यायची, आणि येताना वाटेतल्या प्रत्येक रेस्टॉरंटच्या खिडकीत थबकायची.

"पोलेंटा आहे का हो? नाही? अरेरे… ठेवायला पाहिजे हं."

झाडलोट करणाऱ्या मावशींच्या ते लक्षात आलं. "काय गं, आत्ताच जहाजावरून आलीस ना? ओठाला केक लागलाय अजून."

"मावशी, तुम्ही पण विचारा ना."

मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग झाडू भिंतीला टेकवला आणि त्याही विचारायला लागल्या. त्यांच्या बरोबरीच्या बायकाही.

सुट्ट्या संपत आल्या तसं सगळ्या खिडक्यांवरून मॅनेजरच्या कानावर गेलं की लोक पोलेंटा मागतायत. मॅनेजर खूश. पोलेंटा कायम ठेवायचं ठरलं आणि शेफ पुन्हा किल्ल्यात आला. घोडेवालीला आभाळ ठेंगणं झालं.

"अभिनंदन," ती घोड्यांकडे बघत म्हणाली.

"कॅशिअरने सांगितलं मला. विचारणारी घोडेवालीच होती म्हणे." मागे उलथनं फिरत होतं. "इतका आवडतो पोलेंटा?"

"आवडतो ना."

"मग काळजी नको. मी इथल्या पोरींना शिकवून ठेवलाय. तुम्हाला रोज मिळेल."

"म्हणजे? आणि तुम्ही?"

"दुसऱ्या एका पार्कातून बोलावणं आलंय. आज संध्याकाळी कळवायचंय." मग त्याने घसा खाकरला. "मला इथे अडकून पडायला काही कारण नाही ना… की आहे?"

बघा आता! पोलेंटा वाचवला आणि शेफ चालला. या अख्ख्या खटाटोपात खरी गोष्ट तेवढी बोलायची राहून गेली होती. घोडे फिरत होते, एक पोरगी आईला हात करत होती. वळून बघायची सोय नव्हती.

"मान वर कर," ती म्हणाली. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

"काय?"

"मान वर कर. समोर बघ, खांबाच्या आरशात."

"अगं, पातेलं लागेल!"

"लागू दे!"

उलथनं थांबलं. एक पांढरा घोडा मधून गेला, त्याच्यामागे एक काळा. मग आरसा मोकळा झाला आणि त्यात तो होता, मान वर केलेला, तोंड उघडं. आणि त्याच्यापुढे ती, सरळ त्याच्याकडेच बघत असलेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू आलास तेव्हापासून. रोज. पोलेंटा मला आवडतो. पण जहाजापर्यंत मी पोलेंट्यासाठी चालत नव्हते."

तो आरशातून बघत राहिला. घोडे येत होते, जात होते, आणि प्रत्येक वेळी आरसा मोकळा झाला की तो तिथेच होता, तसाच. मग खमंग वासाच्या पुढचा, चक्क करपल्याचा वास आला.

"तुझं पातेलं," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला.

दुपारी ती जेवायला गेली तेव्हा तो स्वतः वाटी घेऊन बाहेर आला, आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिने चमचा तोंडात घातला. तो तिच्याकडे बघत होता.

"कसा झालाय?"

"गुठळ्या आहेत. आणि खाली लागलाय."

"मग ठेव, दुसरा करून देतो."

"नको," तिने वाटी स्वतःकडे ओढली. "त्या पार्कवाल्यांना काय कळवणार आहेस?"

"कळवलं मघाशीच," तो म्हणाला. "म्हटलं, इथे पातेलं घासायचं राहिलंय."