यादीतले दुसरे नाव

दिनांक २१ नोव्हेंबर २००३, शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. स्थळ : पुणे शहर, वारजे, एका नव्या सोसायटीचा दुसरा मजला.

पुढील हकिकत खरी आहे. तीत आलेली नावेही खरी आहेत. एक नाव मात्र दिलेले नाही. ते लपवलेले नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सीताराम ओव्हाळ हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून या घराण्यात भुताखेतांना बसायला पाटसुद्धा मिळालेला नव्हता.

त्या दुपारी ते रविवारचा बेत कागदावर उतरवीत होते. शहरातल्या एका संग्रहालयात प्राचीन इजिप्तचे प्रदर्शन आले होते. प्रवेशासाठी कुटुंबाची नाववार यादी आधी द्यावी लागे. नऊ वाजून दहा मिनिटांची बस, डबा घरचा, ममीच्या दालनात पाऊण तास. मुलगा अभय हडपसरच्या संगणक कंपनीत होता. अमेरिका जागी असेल तेव्हा तोही जागा. त्याच्याकडून हा एक रविवार महत्प्रयासाने सोडवून घेतलेला.

पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

दुसऱ्या ओळीत पत्नीचे.

चौतीस वर्षे प्रत्येक यादीत ते नाव दुसरेच असे. फेब्रुवारीत ती गेली, हे हाताला कुणी कळवले नव्हते.

“आजोबा, आजी कशी येणार?” आठ वर्षांची नात मैत्री खांद्यावरून वाचत होती.

सून नम्रता स्वयंपाकघराच्या दारात थबकली. “असू द्या ना बाबा. नवा कागद घ्या.”

“नवा कागद कशाला? चूक झाली की खोडायची, आणि खोडलं की सही करायची. आमच्या कचेरीत याला शिस्त म्हणत. तुमच्या संगणकात काय म्हणतात, ठाऊक नाही.”

त्यांनी पट्टी ठेवली. नावावर दोन रेघा ओढल्या. कडेला लिहिले : खोडले. खाली सही, तारीख, वेळ.

“असं नका ना करू!” मैत्रीने शाळेच्या प्रकल्पासाठी इजिप्तचे पुस्तक वाचून काढले होते. “ते लोक नाव दगडात कोरायचे. नाव आहे तोपर्यंत माणूस आहे. छिन्नीने नाव काढलं ना, की तो दुसऱ्यांदा मरतो.”

“नाव म्हणजे नुसती खूण, बाळ. खूण पुसली म्हणून माणूस थोडाच…”

टक्… टक्… टक्…

आवाज स्वयंपाकघरातून आला. धातूवर छिन्नीचा बारीक घाव पडावा, तसा.

नम्रता अजून दारातच उभी होती.

आत कुणीही नव्हते.

सीताराम उठले. मांडणीवर पत्नीची भांडी ओळीने लावलेली होती. कसबा पेठेत घेतलेली, एकेकावर तिचे नाव घातलेले. नाव घातल्याखेरीज भांडे घरात आणायचे नाही, हा तिचा नियम. इजिप्तचे लोक मेलेल्याबरोबर भांडीही पुरत, हे ऐकून ती खळखळून हसली होती. “नावं घातली होती का त्यांनी? नाहीतर शेजारची न्यायची!” प्रदर्शन कधी आले तर दाखवा म्हणाली होती. दाखवतो, म्हणाले होते.

त्यांनी तांब्या उचलला. काठावरून बोट फिरवले.

काठ गुळगुळीत होता.

ताटे. वाट्या. पिठाचा डबा.

सगळे गुळगुळीत.

“नम्रता… नावं गेली.”

“कसली नावं, बाबा? आपल्या भांड्यांवर कुठे आहेत नावं?”

तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. भीती वाटावी ती त्याचीच.

टक्… टक्…

आता कपाटातून. त्यांनी रेशनकार्ड काढले. दुसरी ओळ कोरी. ते टेबलाकडे धावले आणि यादीवर लिहिले : खोडणे रद्द. नाव कायम. पुन्हा सही केली. पण कायम काय करायचे? त्या दोन रेघांखाली नुसता कागद होता.

त्यांनी अभयला फोन लावला.

“अभय, तुझ्या आईचं नाव सांग.”

“बाबा, मीटिंगमध्ये आहे मी. हे काय मध्येच?”

“सांग म्हणतो ना!”

“अहो आईचं नाव…” तो हसला. मग हसायचा थांबला. “गंमतच आहे. जिभेवर आहे हो… बाबा? मला का आठवत नाहीये?”

सीतारामांना अजून आठवत होते. फक्त त्यांना.

त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी खिशात घातली, तांब्या पिशवीत घेतला आणि कसब्याची बस धरली. ज्याने नावे घातली तोच ती पुन्हा घालील. कोरले की सुटले. वाटभर ते नाव पुटपुटत होते. शेजारचा प्रवासी उठून मागे जाऊन बसला. त्यांनी पाहिले नाही.

नदीच्या पुलावर बसला हिसका बसला.

एक अक्षर सुटले.

ते पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले… पण पहिले कोणते?

टक्…

या वेळी खिशातून.

भांड्यांवर नावे घालणारा कारागीर, पोपट त्याचे नाव, दुकानातच होता. म्हातारा झाला होता, हात मात्र तसाच. सीतारामांनी तांब्या पुढे केला. “पुसलेलं नाव पुन्हा घालायचं आहे. तुम्हीच घातलं होतं, एकोणसत्तर साली.”

“साहेब, मी घातलेलं नाव पुसायला भांडं वितळवावं लागतं.” पोपटने छिन्नी उचलली. “बरं. नाव सांगा.”

सीतारामांनी चिठ्ठी उघडली. घडीच्या खुणेशिवाय तिच्यावर काही नव्हते. त्यांनी तोंड उघडले. तिचा चेहरा समोर होता, हसणे कानात होते. हाक मात्र कुठेच नव्हती.

पोपट वाट पाहत राहिला. मग त्याने छिन्नी खाली ठेवली. तांब्या उजेडात धरून काठावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, सावकाश. आणि तो त्यांच्या हातात परत दिला.

“साहेब, या भांड्यावर कधी कुणाचं नाव नव्हतं.”