पाय वर घ्या, आजी

हे माझ्या स्वतःच्या घरात घडलेलं आहे. ऐकीव नाही, कुणी फॉरवर्ड केलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त जसं घडलं तसं सांगते.

आणखी एक. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं मलाही वाटायचं. हे घडलं भर दुपारी. खिडकीतून ऊन आत आलेलं असताना.

तारीख पंधरा जानेवारी, बुधवार. मागच्या वर्षीची. दुपारचे अडीच. गाव नंदुरबार.

माझं नाव रुचिका. माझे मिस्टर हेमकांत धडगावला सरकारी नोकरीत आहेत. घाटातला रस्ता, जीपचा प्रवास, त्यामुळे ते तिकडेच खोली करून राहतात आणि शनिवारी घरी येतात. नंदुरबारच्या घरात मी आणि आमची चार वर्षांची रुपा. सासूबाई प्रमिलाबाई धानोऱ्याला, शेतीकडे.

घर जुनं नाही. आम्हीच प्लॉट घेऊन बांधलेलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली. आमच्या आधी तिथे कुणी एक दिवससुद्धा राहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

डिसेंबरात माझ्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना वाकायचं नाही. झाडू नाही, फरशी नाही, बादली उचलायची नाही. मी शाळेत शिकवते, तिथून रजा घेतली आणि कमरेला पट्टा बांधून पुढच्या खोलीतल्या दिवाणवर पडून राहिले.

पण आमच्या भागात हिवाळ्यात एक दिवसही फरशी न पुसून चालत नाही. जवळच मिरचीच्या पथाऱ्या आहेत. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा आला की बारीक लाल धूळ घरात येते आणि पायाला चिकटते. रुपाला शिंका सुरू होतात.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी कामाला बाई लावली.

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या, "दोन माणसं घरमा, आनि कामले बाई?"

वाकताच येत नव्हतं, काय करणार?

बाईचं नाव दिवलीबाई. धडगावकडच्या डोंगरातली. हंगामात मिरचीच्या कामाला नंदुरबारला यायची. आमच्या शेजारच्या सरलाबाईंनी तिला आणून दिली. पस्तिशीची असेल. घरी त्यांची पावरी बोली, त्यामुळे मराठी थोडं जपून बोलायची. काम मात्र एकदम स्वच्छ. रोज दुपारी दोनला यायची. आधी मागची खोली, मग स्वयंपाकघर, शेवटी पुढची खोली. उकिडवी बसून हातानेच फडकं फिरवायची.

त्या वेळी रुपा मागच्या खोलीत झोपलेली असायची. खाली गादीवर. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती, तिच्या शेजारी गादी. माझ्या कण्हण्याने तिची झोप मोडू नये म्हणून मीच तिला तिकडे झोपायला पाठवायची.

पहिले आठ-दहा दिवस छान गेले.

एक गोष्ट कानावर पडायची. मागच्या खोलीत फरशी पुसताना दिवलीबाई काहीतरी बोलायची. हळू आवाजात. एखादंच वाक्य. मग थोडा वेळ शांत... मग पुन्हा फडक्याचा आवाज.

मला वाटायचं, फोनवर बोलत असेल.

दुसरी गोष्ट वेणीची.

रुपा झोपेतून उठून माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या दोन वेण्या घातलेल्या असायच्या. घट्ट, चापूनचोपून, मधोमध सरळ भांग. झोपायला जाताना केस मोकळे. उठून येताना वेण्या.

मला फार बरं वाटायचं. मला बसून तिचे केसही विंचरता येत नव्हते. वाटलं, कोण कुठली बाई, कामाला येते आणि आपल्या पोरीचे केससुद्धा नीट करून जाते.

त्या बुधवारी मी तिला तसं म्हणाले. ती बादली घेऊन पुढच्या खोलीत आली होती.

"दिवलीबाई, वेणी किती छान घालते गं तू. आठवणीने घालते रोज. मला तर जमतच नाही आता."

ती हसली.

"मी नाय ताई. मी कुठं घालते?"

"मग?"

"आजी घालते ना."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"कोणती आजी?"

"मागची आजी. खुर्चीवर बसते ती." ती फडकं पिळत अगदी सहज बोलत होती. "ताई, त्यांना कमी ऐकू येतं का? रोज सांगते, पाय वर घ्या आजी, फरशी पुसायची आहे. घेतच नाही. मग मी पायाच्या बाजूनं पुसून घेते."



घराचं मागचं दार आतून बंद होतं. पुढच्या दारासमोर मी स्वतः दिवसभर पडून. माझ्या समोरून गेल्याशिवाय मागे कुणी जाऊच शकत नव्हतं.

"दिवलीबाई... आपल्या घरात आजी नाही."

तिचे हात थांबले. फडक्यातलं पाणी फरशीवर टपटपत राहिलं.

"सासू तुमची..."

"सासू धानोऱ्याला आहे."

"आत्ता होती," ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "आत्ता मी पुसून आली. बसलेली होती."

आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली.

रुपा आत आहे.

मी कशी उठले मला आठवत नाही. भिंत धरत, कळा सोसत मागच्या खोलीपर्यंत गेले. दिवलीबाई माझ्या मागे.

रुपा गादीवर झोपलेली होती. एक वेणी पूर्ण. दुसरी... अर्धी. तीन पेड अजून सुटे.

खुर्ची रिकामी होती.

फरशी नुकतीच पुसलेली. सगळी खोली ओली. खिडकीतलं ऊन त्या ओल्या फरशीवर चमकत होतं.

फक्त खुर्चीसमोर दोन जागा कोरड्या होत्या.

शेजारी शेजारी. लांबट. पुढे रुंद, मागे निमुळत्या.

दोन पावलांएवढ्या.

त्यांच्यावर लाल धूळ साचलेली होती. एका दिवसाची नाही. कितीतरी दिवसांची.

दिवलीबाईने तोंडावर पदर घेतला. ती काही बोलली, तिच्या भाषेत. मग मागच्या मागे वळली आणि निघून गेली. बादली तिथेच राहिली. चपलासुद्धा.

मी रुपाला उठवलं. उचलता येत नव्हतं, हात धरून ओढतच पुढच्या खोलीत आणलं आणि मागची खोली बाहेरून बंद केली.

सासूबाईंना फोन लावला. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. त्या खरंच तिकडे आहेत ना, एवढंच ऐकायचं होतं बहुतेक.

"आई, तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी तं आठेच शे, घरमा. काय व्हयनं वं?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या तिकडेच, घरी होत्या.

मग रुपाला जवळ घेतलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "बेटा, तुझी वेणी कोण घालतं गं?"

ती माझ्याकडे बघून हसली. मी गंमत करते आहे असं तिला वाटलं.

"तूच ना मम्मी. मी डोळे उघडले की तू म्हणते, झोप."

बाई लावल्यापासून त्या दुपारपर्यंत मी एकदाही त्या खोलीत गेले नव्हते. एकदाही नाही.

गुरुवारी दिवलीबाई आली नाही. शुक्रवारीही नाही. सरलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ती काम सोडून डोंगरात निघून गेली. मी त्यांना चाचरत विचारलं, आपल्या प्लॉटच्या जागी पूर्वी काय होतं?

"आठे? आठे तं कापूसनं वावर व्हतं," त्या म्हणाल्या. "घर नही, झोपडी नही. काहीच नही. का वं?"

ते दोन दिवस रुपाला मी नजरेआड होऊ दिलं नाही. मागच्या खोलीची कडी लावलेलीच.

दोन्ही दिवस, दुपारी अडीचच्या सुमाराला, आतून आवाज आला. मोठा नाही. वेताची खुर्ची कुरकुरते तसा. कुणी बसल्या जागी वळून दाराकडे बघावं... तसा.

शनिवारी हेमकांत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई कामचुकार असेल. तेवढी जागा पुसायची राहत असेल, म्हणून काहीतरी सांगितलं. आणि तू दिवसभर पडून असते, गोळ्यांची गुंगी असते."

"आणि वेणी?"

त्यांनी रुपाच्या केसांकडे बघितलं.

रविवारी दुपारी त्यांनी बादली भरली. लग्नाला सात वर्षं झाली, या माणसाने कधी फडकं हातात घेतलेलं मी बघितलं नव्हतं. मला म्हणाले, "तू दारात उभी राहा आणि बघ. डोळ्यांसमोर पुसून दाखवतो. म्हणजे तुझं समाधान होईल."

मी दारात उभी राहिले. रुपाचा हात माझ्या हातात घट्ट.

त्यांनी भिंतीकडून सुरुवात केली. गुडघ्यावर बसून, मागे सरकत. अर्धी खोली झाली. खिडकीखाली झालं. खुर्चीपाशी आले. त्या दोन जागा तशाच लाल होत्या.

त्यांनी फडकं सरळ पुढे ढकललं.

फडकं थांबलं.

त्यांनी पुन्हा ढकललं. फडक्याला समोरून घडी पडली. भिंतीला किंवा पलंगाच्या पायाला अडकल्यावर पडते तशी. समोर काहीच नव्हतं. मोकळी फरशी होती.

हेमकांतनी माझ्याकडे बघितलं.

"काहीतरी आहे," ते म्हणाले. "मऊ आहे... थंड लागतंय."

त्यांचा हात तिथेच होता. काढावा की नाही हेसुद्धा त्यांना सुचत नव्हतं.

मी जे केलं ते का केलं, मला आजही सांगता येणार नाही. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"पाय वर घ्या, आजी."



मग खुर्ची कुरकुरली...

आणि हेमकांतचं फडकं एकदम पुढे घसरलं. ते तोल जाऊन हातावर पडले. दोन्ही लाल ठसे पुसले गेले होते. अख्खी फरशी ओली, चकचकीत.

त्याच वेळी रुपाने माझा हात सोडवायला झटका दिला. ती खुर्चीकडे बघत होती.

"मम्मी तिकडे बोलावते," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. माझा हात तिच्या हातात होता. आणि ती मला म्हणत होती, मम्मी तिकडे बोलावते.

हेमकांत उठले, तिला उचललं आणि आम्ही घराबाहेर पडलो. कपडे घेतले नाहीत. गॅस बंद केला की नाही तेही बघितलं नाही. तास-दीड तासाने धानोऱ्याला होतो. त्या घरात मी त्यानंतर एकदाच गेले, सामान काढायला, तेही चार माणसं बरोबर घेऊन.

धानोऱ्याला काही झालं नाही. रुपा ठीक आहे. मोठ्या शाळेत जाते. फक्त केसांना कुणी हात लावलेला तिला चालत नाही. आम्ही बॉबकट करून टाकला.

मार्चमध्ये होळीच्या आधी मी हेमकांतबरोबर धडगावला गेले होते. तिथे जीपच्या थांब्यावर दिवलीबाई दिसली. काठी गावच्या होळीला जायला घरच्यांबरोबर उभी होती. मला बघून आधी मागे सरकली. मग स्वतःच जवळ आली.

"पोरगी बरी आहे?" तिने पहिलं तेच विचारलं.

"बरी आहे."

तिने छातीवर हात ठेवला. म्हणाली, "मला वाटलं घरची आजी आहे. नाय तर मी पोरीला तिथं ठेवली नसती, ताई. उचलून तुमच्याकडे आणली असती."

मला रडू आलं. मी तिला विचारलं, "कशी होती गं ती? तोंड कसं होतं?"

दिवलीबाईने मान हलवली.

"तोंड मी कधी बघितलं नाय. खाली बसून फडकं मारते मी. मला पायच दिसतात. पाय, लुगड्याचा काठ, आणि पोरीच्या केसात हात." तिने माझ्या हातांकडे बघितलं. "पाय म्हातारीचे होते. हात नाय. हात तुमच्यासारखे होते. म्हणून मी एकदा वर बघणार होती..."

"मग?"

"नाय बघितलं."

जीप आली. ती गेली.

घर आम्ही भाड्याने दिलं. गायत्री नावाची मुलगी आणि तिचा नवरा. दोघंही नोकरी करणारे. त्यांना मूल आहे का, एवढंच मी विचारून घेतलं होतं. नाही म्हणाले. मग मी बाकी काही सांगितलं नाही. हेमकांत म्हणाले, सांगून कोण विश्वास ठेवेल?

वर्षभर त्यांची एकही तक्रार आली नाही. घर छान आहे म्हणायचे.

गेल्या गुरुवारी गायत्रीचा मेसेज आला. सातवा महिना लागला आहे. बाळंतपण नंदुरबारलाच करायचं ठरलंय. मागची खोली बाळासाठी लावून घेतली, फोटोही पाठवलाय. मी अजून तो उघडलेला नाही.

खाली लिहिलं होतं, ताई, आता वाकता येत नाही. फरशी पुसायला कुणी बाई आहे का तुमच्या माहितीतली?

तीन वेळा उत्तर टाइप केलं. तिन्ही वेळा पुसून टाकलं.

आज पुन्हा तिचा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.