गंधखूण

निवळवेल कुजली आणि पूर्व विदर्भातल्या तलावांना वास सुटला. प्रयोगशाळेत घडवलेली ही पाणवनस्पती दोन पिढ्या गढूळ पाणी निवळत आली होती. पण सगळी वेल एकाच रोपाच्या फुटव्यांची. एक म्हातारे झाले, तसे सगळेच झाले. सरकारला आश्चर्य वाटले. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. लांजेवारांना नुसता वीट आला, कारण हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

मासेमार संस्थेच्या अध्यक्ष पार्वता नान्हे यांनी तलावाच्या पाळीजवळ, बांधालगत उगवलेल्या पाणगवताची एक जुडी त्यांच्यापुढे टाकली.

"हे काय होय जी, साहेब?"

फितीसारखी लांब पाने, मळसूत्री देठावर इवलेसे फूल. लांजेवार कितीतरी दिवसांनी हसले.

"ही इथलीच, पार्वताबाई. मुळांनी गाळ धरते, पाण्याला प्राणवायू देते. मासे हिच्याच पानांना अंडी चिकटवायचे."

"मंग आता काऊन नाई चिकटवत? माद्या भरल्या पोटानं नुसत्या फिरून रायल्या."

"पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पाण्याला जो वास असतो, तो त्याच्या मेंदूत कायमचा बसतो. आम्ही त्याला गंधखूण म्हणतो. त्या वासाशिवाय मादी अंडी घालत नाही. या माशांची खूण निवळवेलीची."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "हा निवळवेलीचा अर्क. ओतला की घालतील. पण तो महिनाभर पाण्यात राहतो. पिल्लांनाही तीच खूण बसेल. मग दर वर्षी बाटली."

"आन् नाई ओतला तं?"

"यंदाची वीण गेली, पुढचीही जाईल. हा गावरान मासा दुसरीकडे कुठेच उरलेला नाही."

"तुमीच सांगा, काय करू?"

"मला नका विचारू, बाई. मी दमलोय."

दमल्या त्याही होत्या. शेवटी त्यांनी बूच काढून अर्क पाण्यात ओतला. "मासाच नाई रायला तं हे गवत कोनाच्या कामाचं?"

सकाळी पानोपानी भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी होती. संस्थेतल्या बाया हरखून गेल्या. लांजेवारांनी एक पान उचलून पाहिले आणि त्यांना फार वाईट वाटले. पिल्ले याच पानांवर जन्मणार, यांच्याच आड वाढणार होती. पण बाटलीवाचून या पानांना ती कधी अंडी चिकटवणार नव्हती.

पार्वताबाई मात्र गावाकडे बघत होत्या. माणसे शहराकडे गेल्याने निम्मी घरे बंद होती.

"मंजे दरसाल बाटली ओताले आमचं एक मानूस आता कायमचं इथं पायजे," त्या म्हणाल्या. "आमी गेलो का हे मासे बी गेले."

"हो," म्हणत लांजेवारांनी ते पान हळूच पाण्यात परत सोडले.