थांबवलेला खेळ

कळंबच्या एसटी स्टँडासमोर मोबाइल दुरुस्तीची जेवढी दुकानं आहेत, तेवढे बिघडलेले मोबाइल अख्ख्या गावात नसावेत. त्यातलंच एक अक्रमचं. अक्रम फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला होता. ही पदवी त्याला आजवर एकदाच कामी आली होती, सासऱ्यांनी विचारलं तेव्हा. जिन्न, नजर, करणी असल्या कशावर त्याचा विश्वास नव्हता. मल्टिमीटरवर होता.

वैशाखातल्या एका दुपारी बलभीमकाका दुकानात आले. हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. हातात टॉवेलची घडी होती आणि ती त्यांनी अंडी असल्यासारखी काउंटरवर ठेवली. आत हातात धरून खेळायचं गेमचं मशीन निघालं.

"ह्येचं तोंड मोडलंय," काका म्हणाले. "नीट करा. पण बंद पडू देऊ नका."

अक्रमनं चार्जिंगच्या जॅकमध्ये टॉर्च मारला. आतली पातळ जीभ मुळातून मोडून एका बाजूला चेपली होती.

"कुणी कोंबलं हो एवढं?"

"म्याच. दुसराच चार्जर हाताला लागला. शिरंना, मग जोर केला."

तीस वर्षं एसटीचे गिअर टाकलेला हात होता.

पडदा चालू होता. बारकं चित्रातलं गाव, उन्हाळ्यातलं करपलेलं रान, एक विहीर, आणि विहिरीशी हातात झारी घेतलेली चिमुकली मुलगी. तिच्या डोक्यावर 'पॉज'ची पट्टी. कोपऱ्यात बॅटरी चार टक्के.

"समृद्धीचं हाय," काका म्हणाले.

मग अक्रमला आणखी काही सांगावं लागलं नाही. काकांची ही लेक पुण्यात नोकरीला होती. नोकरी गेली, घरी आली, आणि पाडव्यानंतर एका दुपारी मोबाइल घरीच ठेवून बाहेर पडली ती पडलीच. स्टँडच्या खांबावर तिचा फोटो लागला होता. आता त्यावर हमखास पोलीस भरतीची हमी देणाऱ्या अकॅडमीची जाहिरात आली होती.

"पोलीस म्हणत्यात, सज्ञान हाय, मर्जीनं गेली. म्या म्हनलं, साहेब, मर्जीनं जाणारं माणूस खेळ बंद करून जातंय. हिनं थांबवलाय. थांबवलाय म्हंजी तिला माघारी येऊन खेळायचाय." काकांनी अक्रमकडं पाहिलं. "ह्यो बंद पडला तर माज्याकडं दुसरं काय हाय?"

"चार टक्के कधीपासून दाखवतंय?"

"गेली तवापासून चारच हाय."

"मीटर खराब झालं असेल, काका," अक्रम म्हणाला. हे तो नव्हे, पदवी बोलली.

तास लागेल, चहा पिऊन या, असं सांगून त्यानं काकांना डेपोकडं पिटाळलं. समोर बसून कुणी हाताकडं पाहत राहिलं की त्याचं काम चुकत असे.

काम अवघड नव्हतं. बाहेरून करंट देणारं मशीन त्याच्याकडं होतं. त्याच्या दोन तारा बोर्डाला लावायच्या, म्हणजे जॅक काढला-घातला तरी खेळ जागा राहणार. त्यानं तारा खणातून काढून हाताशी ठेवल्या. स्क्रू खोलले, मागचं झाकण उचललं. आणि तारा लावायच्या आधीच त्याच्या बोटांनी बॅटरीची पट्टी उपसून बाजूला केली.

त्याला तसं करायचं नव्हतं. पण झाकण उघडलं की पहिली बॅटरी काढायची, हे उस्तादानं थप्पड देऊन शिकवलेलं. मशीन जळू नये म्हणूनच शिकवलेलं. बोटांनी विचारलं नाही.

अक्रम डोळे मिटून बसला. काकांना काय सांगायचं, ते त्यानं दोन-तीन प्रकारांनी मनात म्हणून पाहिलं. मग मशीन उलटं केलं.

पडदा चालूच होता.

विहीर, झारी, मुलगी. चार टक्के.

बॅटरी तर रबराच्या मॅटवर पडली होती. जॅक मोडका. बोर्डाला कुठलीही तार नव्हती. कुठं चार्ज साठून राहिला असेल, असं त्याला वाटलं. असा चार्ज पापणी लवेस्तोवर पुरतो. त्यानं टेबल-फॅन बंद केला, का ते त्याला सांगता आलं नसतं. मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. शून्य. जागा बदलून टेकवल्या. शून्य.

दुकानात डाग द्यायच्या राळेचा वास होता. बाहेर लातूरची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं. पडद्यावरच्या मुलीची सावली विहिरीच्या काठावर पडली होती, आणि करंट नसताना ती तिथं होती.

दुसरा कुणी असता तर त्यानं हात जोडून झाकण लावलं असतं. अक्रम शिकलेला होता. त्याला खात्री करून घ्यायची होती.

त्यानं पॉवरचं बटण दाबलं.

पडदा विझला.

नंतर त्यानं बॅटरी लावली. नवीन जॅक डाग देऊन बसवला, चार्जर जोडला. मशीन सुरळीत चालू झालं, टक्के वाढू लागले. काम इतकं स्वच्छ झालं होतं की बघवत नव्हतं. खेळानं विचारलं, मागं जिथं साठवून ठेवला होता तिथून सुरू करायचं का? दुसरा पर्यायच नव्हता.

रान उघडलं. उन्हाळा नव्हता; साठवलेला खेळ थंडीतला होता. ज्वारी हुरड्यात आली होती, बांधावर धुकं होतं, आणि मुलीच्या अंगावर शाल होती. अक्रमनं तिला चालवत विहिरीपाशी नेलं, मघाच्याच जागी उभं केलं आणि पॉज केलं. त्याच्या अंगठ्याचा घाम बटणावर राहिला.

बलभीमकाका आले. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला.

"ऊन व्हतं की हितं."

"अपडेट झालं असेल."

"पोरगी तीच हाय न्हवं?"

"तीच आहे, काका."

काकांनी टॉवेलची घडी छातीशी धरली आणि गेले.

आठवडाभरानं ते परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. "आली," एवढंच म्हणाले. अक्रमच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यानं उभ्या उभ्या दोन पेढे खाल्ले. कुठं होती, कशी आली, हे विचारावं असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात काकांनी त्याचा दंड धरला. "घरी चला, तिला बघा तरी," काका म्हणाले.

घर डेपोच्या मागं. पत्रे तापून कडकडत होते. ओसरीवर खाटेवर समृद्धी बसली होती, स्वेटर घालून, कान रुमालानं बांधून. ओठ थंडीनं फुटलेले. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"आप्पा, हुरड्याला कधी जायचं?" तिनं विचारलं.

"जाऊ की," काका म्हणाले आणि तिच्याजवळ बसले. बाहेर नांगरून पडलेली रानं उन्हात पांढरी झाली होती.

आतून समृद्धीच्या आईनं, द्वारकाबाईंनी, अक्रमला खुणेनं बोलावलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

"भाऊ, तुमी काय केलं?"

"काही नाही, काकू. जॅक बदलला."

"ही थंडीतली हाय." त्या अगदी हळू बोलत होत्या. "सुट्टीला आलती, तवाची. हेच स्वेटर, हेच बोलणं. ह्येच्यानंतर तिला कंपनीचा फोन येतोय, नोकरी गेली म्हणून. मंग ती जेवत न्हाय. मंग बोलत न्हाय. मंग पाडवा येतोय."

"काकांना सांगितलं?"

"त्येंला आल्या दिशीच कळलं. म्हणत्यात, असंना का. तेवढे दिस तर घरात हाय."

अक्रमच्या तोंडात पेढ्याची गोडी अजून होती. "या खेपेला अडवा तिला, काकू. आधीच बोला तिच्याशी."

"बोलले." द्वारकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पुण्याला जाऊ नको म्हनलं, फोन उचलू नको म्हनलं. पाया पडले. म्या काय बी बोलू, ती तवा जे बोलली तेच बोलती. तवा हसली तितं हसती."

ओसरीवर समृद्धी हसली.

द्वारकाबाई उठल्या. त्यांचे ओठ आवाज न करता हलत होते. बाहेर समृद्धी बापाला रूमवरच्या मैत्रिणीची गोष्ट सांगत होती, आणि अक्रमनं नीट पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आईचे ओठ लेकीच्या शब्दांच्या थोडे पुढं आहेत.

त्यांनी माठातून तांब्या भरला, दारापाशी गेल्या आणि हात लांब करून तो धरून उभ्या राहिल्या. बापलेकीचं बोलणं चाललंच होतं. तांब्यातलं पाणी हलायचं थांबलं.

"आई," बाहेरून समृद्धीनं हाक मारली, "पाणी दे गं."